एचेवेरिया हे आडनाव स्पॅनिश की बास्क? आणि अर्थ काय?

मूळ बास्कच (बास्क म्हणजे उत्तर स्पेन आणि नैऋत्य फ्रान्समधले एक लोक आणि त्यांची भाषा), स्पॅनिश फक्त लिहिण्याची पद्धत. बास्कमध्ये ते एचेबेरिया: 'एचे' म्हणजे घर, 'बेरी' म्हणजे नवं, शेवटचा 'आ' हा प्रत्यय. थोडक्यात, 'नवं घर'.

आपल्याकडे गावाला 'कर' जोडून आडनावं झाली, तशी बास्क प्रदेशात ती बरेचदा घरावरून पडली. तिथे शेतघराला स्वतःचं नाव असे आणि राहणारी माणसं त्या नावाने ओळखली जात. नवं घर कुठल्याही गावात बांधलं जाणार, त्यामुळे सगळे एचेवेरिया एकाच कुळातले असं अजिबात समजू नका. एचेवारिया, चावारिया, फ्रान्सकडचं एचेवेरी ही सगळी याचीच रूपं. चावेझ मात्र यातलं नाही, कानाला जवळचं वाटलं तरी.

गंमत म्हणजे गोव्यात घरोघरी असलेलं 'झेवियर' हे नावही याच शब्दातून आलं. उत्तर स्पेनमधल्या नवारा प्रदेशातल्या झेवियर (स्पॅनिशमध्ये हाविएर) या ठिकाणच्या किल्ल्यात 1506 साली फ्रान्सिस झेवियर जन्मले आणि 1542 मध्ये गोव्यात आले. वडिलांकडून ते हासो, आईकडून आस्पिलक्वेता. जगभर पसरलं ते किल्ल्याचं नाव.