संगणक टीव्हीला जोडून पडद्यावरील दृश्य कसे नोंदवावे?

फोंड्यातील आपल्या नाट्यमंडळाला संगणकावरील दृश्ये सभागृहातील टीव्हीवर दाखवून त्याच वेळी नोंदवायची आहेत, असे प्रश्नावरून दिसते. जोडणी सोपी आहे: एचडीएमआय केबल लावावी, टीव्हीवर तोच इनपुट निवडावा आणि विंडोज व पी या कळा एकत्र दाबून 'डुप्लिकेट' हा पर्याय घ्यावा. आवाज संगणकातूनच येत राहिला, तर स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून टीव्हीचे नाव निवडावे.

नोंदणीसाठी, माझ्या मते, ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात 'डिस्प्ले कॅप्चर' (संपूर्ण पडदा टिपणारा) हा स्रोत जोडावा. फाइलचा प्रकार मात्र एमकेव्हीच ठेवावा, कारण आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि नोंदणी मध्येच तुटली तर साधी एमपी४ फाइल बहुधा उघडतच नाही, उलट एमकेव्हीत तोवरचा भाग शाबूत राहतो. नंतर 'रिमक्स' करून, म्हणजे चित्र व आवाज तसेच ठेवून फक्त फाइलचा प्रकार बदलून, तिचे एमपी४ करता येते.

संगणक जुना असून अडखळत असेल, तरच एचडीएमआय कॅप्चर कार्ड (एचडीएमआयवरील दृश्य टिपून दुसऱ्या संगणकाला देणारे उपकरण) संगणक व टीव्ही यांच्या मध्ये जोडून दुसऱ्या संगणकावर नोंदणी करावी. ते घेताना टीव्हीसाठी एचडीएमआय आउटपुट असल्याची खात्री करावी. स्वस्त कार्डांत तो पुष्कळदा नसतो. एचडीसीपी हे नक्कल रोखणारे संरक्षण असलेले चित्रपट कार्डातून सहसा काळेच दिसतात, तो कार्डाचा दोष नव्हे.