नवरा जाऊन दहा वर्षं झाली, मग एचपीव्ही आला कुठून?

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून साठीच्या एक बाई मुलासोबत आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बारा वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोगपूर्व बदल सापडले म्हणून त्यांची पिशवी काढलेली. आता पॅप तपासणीत (आतल्या पेशी पुसून घेऊन बघतात ती) दोष दिसला, बेळगावात कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून आतली तपासणी, करून तुकडा तपासला. योनीमार्गाच्या वरच्या टोकाला, जिथे पिशवी काढून टाके घातले होते तिथेच, पेशींत तिसऱ्या, म्हणजे सर्वांत पुढच्या पायरीचे कर्करोगपूर्व बदल आणि एचपीव्ही या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार.

मुलाने मोबाईलवर वाचलं होतं, हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. तो आईकडे बघत नव्हता. त्याला बाहेर बसवलं तेव्हा बाई बोलल्या, "मालक जाऊन दहा वर्षं झाली ओ मॅडम. ह्या वयात माझ्या पदराला हा डाग कशाला?" त्यांनी घरात आपला तांब्या, टॉवेल, अंथरूण वेगळं केलं होतं. जवळ निजणाऱ्या नातीला सुनेकडे पाठवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच स्वतःला वाळीत टाकलं होतं.

हा प्रश्न माझ्याकडे बायका सतत घेऊन येतात, आणि बहुतेकींना कर्करोगापेक्षा या डागाचीच भीती जास्त असते. म्हणून आधी तेच बोलले. एचपीव्ही इतका सर्रास आढळतो की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो. बहुतेकांच्या अंगातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या पेशींत मात्र गुपचूप पडून राहतो, वर्षानुवर्षं, आणि वय वाढून प्रतिकारशक्ती उणावली की पुन्हा डोकं वर काढतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलाही रिपोर्ट सांगू शकत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतलाही असू शकतो. त्यावरून बाईचं चारित्र्य ठरवणं म्हणजे निव्वळ अन्याय, आणि गेलेल्या नवऱ्यावर ठपका ठेवणंही तसंच.

तांब्या वेगळा ठेवायची गरज नाही. नातीला जवळ घेतल्याने तिला काही होत नाही.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "पिशवीच काढली, तर हे राहिलं कुठं?" विषाणू फक्त गर्भाशयाच्या तोंडाशी नसतो, त्याला लागून असलेल्या योनीमार्गाच्या त्वचेतही असतो. शस्त्रक्रियेने बिघडलेला भाग जातो, विषाणू जातोच असं नाही. एचपीव्ही १६ पेशींची वाढ रोखणारी प्रथिनं निकामी करतो आणि पेशी बेताल वाढू लागतात. ना दुखतं, ना रक्त जातं, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. कर्करोगपूर्व बदलांसाठी पिशवी काढलेल्या बाईने तपासणी चालूच ठेवायची असते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या शिफारशीत ही मुदत किमान २५ वर्षांची आहे. आपल्याकडे "पिशवी काढली, आता सुटलीस" म्हणून बाईला घरी पाठवतात, ते मला फार खटकतं. या बाईंनी तपासणी सोडली नव्हती म्हणून हे वेळेत सापडलं.

हा कर्करोग नव्हे, पण तिसरी पायरी अंगावर काढायची नसते. पहिल्या पायरीतले बदल बरेचदा आपोआप ओसरतात, तिथे नुसती नजर ठेवतात. पुढच्यासाठी लेसर, लावायचं औषध किंवा तेवढा भाग काढणं, हे डॉक्टर जागा बघून ठरवतात. बदल परत येऊ शकतात, म्हणून उपचारांनंतरही तपासणी सुटत नाही.

मुलाला आत बोलावून हेच सगळं पुन्हा सांगितलं, आईसमोर. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने लेसरची तारीख विचारली, आणि दहा वर्षांच्या मुलीला एचपीव्हीची लस द्यावी का तेही. द्यावी, म्हटलं, नऊ ते चौदा हे त्यासाठी उत्तम वय, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून मिळते आहे. आजीचे झालेले बदल मात्र लसीने बरे होणार नाहीत, तिथे उपचारच हवेत.