पाऊस सारखाच, मग अरण्य एकीकडेच का?

प्रश्न: सायबेरियाच्या तैगा पट्ट्यात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं आणि तिथे सूचिपर्णी वृक्षांचं अरण्य आहे. आफ्रिकेतल्या साहेलच्या, म्हणजे सहारा वाळवंटाला लागून असलेल्या पट्ट्याच्या, दक्षिण भागातही साधारण तेवढंच पडतं, पण तिथे गवत आणि विरळ काटेरी झाडं. असं का?

उत्तर: पर्जन्यमापक पडलेलं पाणी सांगतो, उडून गेलेलं सांगत नाही. सायबेरियात ऊन मंद, बाष्पीभवन कमी, त्यामुळे ओल टिकते. साहेलमध्ये पाऊस तीन-चार महिन्यांत उरकतो आणि उरलेलं वर्ष ऊन जमीन शोषून काढतं.

झाडाची अडचण पानात दिसते. मी वर्गात पानाच्या पाठीला पारदर्शक नेलपॉलिश लावायला सांगायचो. वाळलं की चिकटपट्टीने अलगद सोलायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. पर्णरंध्रांचे, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांचे, इवलेसे ओठ दिसले की मुलं गप्प व्हायची, आणि मला आजही ते पाहून तसंच होतं. याच ओठांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण त्याच्या एकेका रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू बाहेर पडतात. पाणी तुटलं की झाड ओठ मिटतं. तहान आवरते, पण अन्न बनणंही थांबतं. म्हणूनच जमिनीतून आणि पानांतून प्रत्यक्ष किती पाणी वाफ होऊन गेलं, यावरून वाढीचा चांगला अंदाज येतो. परिसरशास्त्रज्ञ मायकेल रोझेनझ्वाइग यांनी 1968 साली हा संबंध आकड्यांत मांडला. त्या वाफेत ऊन आणि पाणी दोन्हींचा हिशेब येतो.

मात्र दाट अरण्य दिसलं म्हणजे उत्पादकता जास्त, असं समजू नका. उत्पादकता म्हणजे झाडाझुडपांच्या वजनात वर्षभरात पडलेली भर. ती मोजायला गवताळ जागी आम्ही एक मीटरची चौकट टाकून आतलं गवत कापायचो आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत भट्टीत सुकवून तोलायचो. तैगातल्या खोडाची वर्तुळं मात्र इतकी बारीक असतात की मोजायला भिंग लागतं. ते अरण्य शेकडो वर्षांची शिल्लक आहे. साहेलचं गवत दरवर्षी उगवतं, वाळतं, चरलं जातं, वणव्यात जातं. शिल्लक पडतच नाही.

आणि जास्त पाऊस म्हणजे जास्त वाढ, हेही एका मर्यादेपर्यंतच. हवाईच्या माउई बेटावर डोंगरउतारावरच्या जंगलांत पाऊस 2,200 वरून 5,000 मिलिमीटरकडे जाताना वाढ निम्म्याहून खाली आलेली आढळली. चिंब जमिनीत मुळांना हवा मिळत नाही, पाचोळा कुजायला वेळ लागतो आणि त्यातला नायट्रोजन झाडापर्यंत पोचत नाही.