वाचकांचे प्रश्न : चक बरोबर होता का?

प्रश्न : ‘बेटर कॉल सॉल’ (२०१५ ते २०२२) या अमेरिकी मालिकेत वकील चक हा धाकट्या भावाचा, जिमीचा, द्वेष करणारा खलनायक मानावा, की त्याला खरोखर ओळखणारा एकमेव माणूस?

उत्तर : मला तो दोन्ही वाटतो, आणि म्हणूनच मन अस्वस्थ होते. जिमी पत्त्यातील १२६१ चे १२१६ करून कागदपत्रांत फेरफार करतो, हा चकचा आरोप शब्दशः खरा असतो. परंतु विजेमुळे आपण आजारी पडतो असे मानणाऱ्या चकची जो भाऊ रोज बर्फ, वर्तमानपत्रे आणि जेवण आणून शुश्रूषा करतो, त्यालाच आपल्या वकिली संस्थेत नोकरी मिळू नये म्हणून चकने पडद्याआडून आधीच सूत्रे हलवलेली असतात. कायद्याच्या पावित्र्याविषयीची त्याची तळमळ खरी असली, तरी आईवडिलांचे लाडके कोण, हे जुने शल्य तिच्यात मिसळलेले असते. (थोरल्या भावंडांना हे शल्य लगेच ओळखू येईल.)

तिसऱ्या पर्वात जिमीच्या वकिलीच्या परवान्यावरील सुनावणीत चकच्या खिशात नकळत बॅटरी ठेवली जाते, तरी त्याला काहीच जाणवत नाही. त्याचा आजार शरीराचा नसून मनाचा आहे, हे त्यातून उघड होते. जिमी जिंकतो, पण आजारी भावाला भर सुनावणीत उघडे पाडून.

शेवटच्या भागात सात वर्षांच्या शिक्षेवर तडजोड झालेली असताना जिमी न्यायालयात आपले सारे गुन्हे कबूल करतो आणि ८६ वर्षे पत्करतो. चकच्या आजाराची बातमी आपण मुद्दाम त्याच्या विमा कंपनीपर्यंत पोहोचवली, हे कृत्यही तो तेथेच सांगतो, जे कायद्याने गुन्हाच नव्हते.