नववीचं गणित, सहावीची अडचण

प्रश्न : मुलगा मराठी माध्यमात नववीला आहे, गणितात नापास होतोय. बेळगावात क्लास लावू का?
– एक आई, खानापूर

उत्तर : ताई, जरा थांबा. आधी त्याला २/३ + १/४ करायला द्या. उत्तर ३/७ आलं तर अडचण सहावीपासूनची आहे. रोज बसनं बेळगावला जाऊन ती सुटायची नाही. कागदाच्या पट्टीचे बारा सारखे भाग करा, आधी आठ रंगवायला सांगा (तेच २/३), मग तीन (तेच १/४). ११/१२ त्याला डोळ्यांनी दिसू दे. पुढं −३ − ५ सारखी उणे चिन्हांची गणितं, मगच समीकरणं. माझ्याकडची बरीच मुलं चिन्हांपाशीच अडतात. त्यांना कुणी ‘ढ’ म्हटलं की जीव तुटतो माझा. रोज चारच गणितं, पण प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलून. सरांकडून जुन्या उत्तरपत्रिका मागून घ्या. क्लासचं दिवाळीनंतर बघू.