रविवारची घंटा किती वाजता?

प्रश्न : ताई, सलाम. मी रेल्वेतून निवृत्त, अकरा वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार. आमची उपासना सकाळी साडेआठला असते. रावेर-यावलकडे पहाटे केळीच्या कापणीला जाणारी काही कुटुंबं दहापर्यंत येतात, तोवर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, आटोपलेलं असतं. आता मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत संध्याकाळच्या उपासनेचा ठराव आलाय. माझी नातवंडं नाशिकहून रविवारीच येतात, संध्याकाळच्या गाडीनं परततात. दर वेळी मीच का सोडायचं?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाऊ, सलाम. पत्र वाचून आई आठवली. आमचं गाव नवापूरकडचं. भातलावणीच्या दिवसांत ती चिखलाच्या पायांनी उपासनेला यायची. एका रविवारी ती दारात पोहोचली तेव्हा भाकरीचं ताट झाकून झालं होतं. कुणी रागावलं नाही, पण कुणी थांबलंही नव्हतं. घरापर्यंत आई एक शब्द बोलली नाही. मी नऊ वर्षांची होते.

बायबलच्या काळात करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत हेच चाललं होतं. काही जण आधीच जेवून घ्यायचे, काही उपाशी राहायचे. प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात त्यांना सांगितलं : जेवायला जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा. एवढा मोठा प्रेषित, आणि थांबण्याबद्दल लिहितो! मला ते फार मोलाचं वाटतं.

मग तुमचं काय? पौलानंच फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ‘दुसऱ्याचंही’ हित पाहा असं आहे. त्या ‘ही’मुळे तुमची नातवंडंही हिशेबात येतात. मन मारून हात वर करू नका, कमिटीत उघड सांगा.

पण त्या कुटुंबांना कुणी विचारलं का? ठराव त्यांच्यासाठी आणि बैठकीत ती नाहीत, हे मला खटकतं. यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ झाली, तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडले. सातही नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची आबाळ झाली, बहुधा त्यांच्यातलेच. मे महिन्याच्या उन्हात राबून आलेल्या बाईला संध्याकाळी पुन्हा निघवेल का? तिला कदाचित सकाळची साडेदहाची वेळच बरी वाटेल. मग तुमचीही अडचण उरत नाही.

मतदान पुढे ढकलायला सांगा. एखाद्या संध्याकाळी त्यांच्या वस्तीवर जा, खजिनदार म्हणून नव्हे, घरचे म्हणून. त्यांनी संध्याकाळच मागितली, तर मात्र सोडा, भाऊ. दुखेल, मला कळतं. निदान प्रभुभोजनाचा रविवार तरी त्यांच्या वेळेनं होऊ द्या, आणि त्या दिवशी नातवंडांना एक गाडी उशिरानं पाठवा.