चार साइटची एक मल्टिसाइट: खरं काम युजरचं

चार शाळांच्या चार वर्डप्रेस साइट, प्रत्येकीचं डोमेन वेगळं, काही शिक्षक दोन-तीन ठिकाणी समाईक. वर्डप्रेसचं एक्स्पोर्ट-इम्पोर्ट करून हे सगळं एका मल्टिसाइटमध्ये (एकाच वर्डप्रेसवर चालणाऱ्या अनेक साइटच्या नेटवर्कमध्ये) येईल का, असं तुम्ही विचारलंय. नुसते लेख, पानं आणि कमेंट हलवायच्या असत्या तर आलं असतं. विजेट, थीमची सेटिंग आणि फॉर्म प्लगइनच्या स्वतंत्र टेबलांतली माहिती त्यातून येत नाही. तुमच्याकडे प्रवेश-अर्ज आहेत, म्हणजे डेटाबेसच हलवावा लागणार.

त्याआधी एक. हा खटाटोप फक्त अपडेटची कटकट वाचावी म्हणून असेल तर करू नका. मेनडब्ल्यूपी हे अनेक साइट सांभाळणारं प्लगइन लावलंत की साइट वेगळ्या राहूनही ते काम एका जागेवरून होतं. मल्टिसाइटमध्ये एका साइटमधून कुणी घुसला की चारही धोक्यात, शिवाय एकाच साइटचा बॅकअप परत बसवणं किचकट. समाईक युजर हेच कारण असेल, तर मात्र जरूर करा.

चालू साइटचं नेटवर्क करण्यापेक्षा नवी कोरी वर्डप्रेस टाका. साइट महिन्याहून जुनी असेल तर सबडिरेक्टरीचा (एकाच डोमेनखाली ‘/शाळा’ अशा पत्त्यांचा) पर्याय मिळतच नाही. सगळीकडे वर्डप्रेस आणि प्लगइनची आवृत्ती आधी सारखी करून घ्या. नेटवर्कमध्ये रिकामी साइट तयार करा आणि तिचा आयडी बघा, समजा ३. जुन्या डेटाबेसमधली यूजर्स आणि यूजरमेटा ही दोन टेबलं सोडून बाकी सगळी घ्या, टेबलांच्या नावांआधी लागणारा प्रिफिक्स ‘डब्ल्यूपी_’चा ‘डब्ल्यूपी_३_’ करा आणि रिकाम्या साइटची टेबलं काढून तिथे ही टाका. लगेच ऑप्शन्स टेबलात ‘डब्ल्यूपी_यूजर_रोल्स’ या ओळीचं नाव ‘डब्ल्यूपी_३_यूजर_रोल्स’ करा. हे राहिलं तर त्या साइटचे मुख्याध्यापक लॉगिन करतात आणि ‘परवानगी नाही’ एवढंच बघत बसतात.

फोटो अपलोड्समधल्या ‘साइट्स/३’ फोल्डरमध्ये जातात, म्हणजे प्रत्येक पत्ता ८ अक्षरांनी लांबतो. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून (डेटाबेस हाताळायच्या साधनातून) साधं रिप्लेस मारू नका. विजेटची सेटिंग साठवताना मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. मजकूर वाढला, आकडा जुनाच राहिला, की ती सेटिंग वाचताच येत नाही आणि विजेट गायब. डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड-लाइन साधनाचं सर्च-रिप्लेस हा आकडाही दुरुस्त करतं. आधी ड्राय-रन (काही न बदलता चाचणी) घ्या, जीयूआयडी (प्रत्येक पोस्टची कायमची ओळख) कॉलम वगळा, आणि खरं रन एकदाच. दुसऱ्यांदा मारलंत तर ‘साइट्स/३/साइट्स/३’ होऊन बसेल.

आता युजर. नेटवर्कला यूजर्सचं टेबल एकच. एका शाळेत आयडी ५ म्हणजे गणिताच्या बाई, दुसरीत कारकून. म्हणून ईमेल हीच ओळख धरून नेटवर्कमध्ये प्रत्येकाचं एकच खातं करा आणि प्रत्येक साइटसाठी जुना आयडी, नवा आयडी अशी यादी बनवा. मग पोस्टमधला लेखक आणि कमेंटमधला यूजर आयडी बदला. सापळा इथे आहे: ५ चे १२ केले आणि पुढच्याच ओळीत जुन्या १२ चे ३० केले, तर बाईंचे लेखही ३० कडे जातात. त्यामुळे आधी सगळ्या आयडींत सरसकट १०,००० मिळवा, मग यादीप्रमाणे बदला. कमेंटमधले ० हे पाहुणे, त्यांना हात लावू नका. फॉर्म प्लगइनही कधीकधी यूजर आयडी साठवतं, तेही तपासा. पासवर्डचा हॅश (डेटाबेसमधलं त्याचं सांकेतिक रूप) जसाच्या तसा उचलला तरी चालतो. समाईक शिक्षकांचा मात्र कुठला तरी एकच ठेवावा लागेल.

त्यानंतर साइटच्या सेटिंगमध्ये पत्ता बदलून मूळ डोमेन लावा; वर्डप्रेस ४.५ पासून वेगळं प्लगइन लागत नाही. चारही डोमेनची एसएसएल सर्टिफिकेट मात्र तुम्हालाच बघावी लागतील. नेटवर्क सेटिंगमधली अपलोडची मर्यादा मुळात १५०० केबी असते, ती वाढवा. नाहीतर पहिल्याच दिवशी स्नेहसंमेलनाचे फोटो अडतील. आणि मल्टिसाइटमध्ये आयफ्रेम (पानात दुसऱ्या साइटचा तुकडा दाखवणारा कोड) ठेवण्याचा अधिकार फक्त सगळ्या नेटवर्कच्या सुपर अ‍ॅडमिनला असतो. मुख्याध्यापकांनी ‘संपर्क’ पानावर फोन नंबर बदलून सेव्ह केलं की तिथला गुगल नकाशा उडतो आणि दोष तुमच्या स्थलांतराला लागतो. असे नकाशे शॉर्टकोडने (चौकटी कंसातल्या छोट्या खुणेने) लावा.